पेवावरची घरं

आमची घरं जिथं उभी राहायची होती ती जमीन आतून पोकळ आहे, हे आमच्या ओळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त घरं बांधणाऱ्या मॅडमना, असा आमचा समज. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून, अगदी एकदिलानं, ते त्यांना कळू द्यायचं नाही असं ठरवलं. एवढी एकी आमच्यात गणपतीच्या वर्गणीलासुद्धा कधी झाली नव्हती.

ओळ म्हणजे सांगलीत नदीच्या अंगाला, सखल जागी असलेली पत्र्याच्या घरांची रांग. मी मूळची रहिमतपूरची. मुलगा फौजेत आहे एवढ्यावर माझ्या वडिलांनी डोळे झाकून लग्न लावून दिलं, आणि मी डोळे उघडले तेव्हा त्या रांगेत भाकऱ्या थापत होते. नवरा कधी आसामात, कधी काश्मिरात. घरात मी आणि सासरे. हळूहळू शेजारच्या बायाही माझ्यासारख्याच भाकऱ्या करून विकायला लागल्या, आणि दुपारच्या आत आमच्या ओळीतून गावातल्या खानावळींना गरमागरम भाकरी पोचायला लागली. दिवस बरे होते. पाणी तेवढं वाईट. नदी चढली की चूल, परात, पीठ सगळं टाकून निघायचं, आणि उतरली की घरातला गाळ फावड्यानं ओढत बसायचं. गाळ ओढून ओढून तुझ्या जिभेला धार आली, असं माझा नवरा म्हणतो. धार आधीपासूनच होती, पण सुट्टीवर येणाऱ्या माणसाला ते कितीसं कळणार.

तर पालिकेनं ठरवलं की ही ओळ नदीकाठची उठवायची आणि माणसांना पक्की घरं द्यायची. कुठं द्यायची, हा सगळा तिढा. एक जागा होती गावाबाहेर, हमरस्त्याच्या पार पलीकडं. तिथून खानावळीत पोचेस्तोवर भाकरीचा पापड झाला असता आणि आमच्या धंद्याचा बोऱ्या. दुसरी जागा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. ते हळदीचं जुनं आवार.

त्या आवारात एके काळी हळदीचा मोठा व्यापार चालायचा. हळद गोदामात नाही, जमिनीखाली ठेवायचे, पेवात. पेव म्हणजे जमिनीत खणलेला रांजणच म्हणा. तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं आणि पोट खोल, ऐसपैस. आत उसाचा पाला आणि चटया लावायच्या, हळद भरायची, तोंड बंद करून वर माती ओढायची आणि जमीन अशी सपाट करायची की वरून काही म्हणजे काही दिसू नये. वर्षानुवर्षं ती हळद टिकायची. माझे सासरे त्या पेवांत उतरणारे हमाल. मग एका महापुरात पेवांत पाणी शिरलं, हळद कुजली, मालकांनी हाय खाल्ली आणि आवार बंद पडलं. फिरत फिरत ती जागा पालिकेकडं आली तेव्हा तिथं पडकं गोदाम, वेड्या बाभळी आणि अर्ध्या गावाचा कचरा, एवढंच उरलेलं.

आणि अशा जागेवर घरं बांधायला आल्या वाईच्या मॅडम. वयानं माझ्याहून पुष्कळ लहान, पालिकेत इंजिनिअर, पायात बूट आणि डोक्यावर कायम वाळलेल्या पानाचा एखादा तुकडा अडकलेला. त्यांनी पुठ्ठ्याचं छोटं घर करून आणलं होतं. ते त्यांनी माझ्या ओट्यावर ठेवलं आणि सगळी ओळ भोवती गोळा झाली. घरं उंच खांबांवर. खालची जागा मोकळी, म्हणजे पाणी आलं तर खालून येईल आणि खालूनच जाईल. भिंतींच्या विटा त्याच जमिनीच्या मातीच्या, यंत्रात दाबून केलेल्या, भट्टीत न भाजलेल्या. पडक्या गोदामाचा दगड पायऱ्यांना, त्याचं सागवान दारांना. छतावर पडलेला पाऊस साठवायचा, छतावर पडलेल्या उन्हावर दिवे लावायचे. आणि पहिल्या मजल्यावर एक लांबलचक खोली, धूर बाहेर काढणारी धुराडी असलेली. ही कसली म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, तुम्हा सगळ्यांची भाकरीची खोली, वहिनी.

मी काय सांगू तुम्हाला. माझ्या आयुष्यात कुणी माझ्या धंद्यासाठी साधा पाट केला नव्हता. मी त्या पुठ्ठ्याच्या खोलीत बोट घातलं आणि खिडकीतून बाहेर काढलं, आणि त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. पीठ मळताना मी त्या खोलीत असायचे, भांडी घासताना त्या खोलीत. चूल कुणाची कुठं यावरून शेजारणीशी माझं भांडणही होऊन गेलं. घराचा पत्ता नाही आणि आम्ही दोन दिवस अबोला धरून बसलो.

मग आमचे फौजी खबर घेऊन आले. नवरा तोवर निवृत्त होऊन घरी बसला होता आणि बसल्या जागी त्याच्या अंगात अख्खी पलटण यायची. त्यानं ऐकून आणलं की जमीन तपासायला यंत्र येणार, आणि जमीन पोकळ निघाली की हे आवार रद्द. म्हणजे सगळ्यांची रवानगी हमरस्त्यापलीकडं. पण फौजी शांत. त्यानं ओळीतल्या माणसांना बोलावून बैठक घेतली.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," तो म्हणाला. "पेवाचं नाव कुनी काढायचं न्हाई. समजलं का, पेवबिव हितं नव्हतंच कवा."

दुसऱ्याच दिवशी मॅडम आल्या आणि त्यांनी सरळच विचारलं, इथं पेवं कुठं कुठं होती, कुणाला आठवतं का. आमचा फौजी, ज्याचा बाप पेवात उतरून घर चालवायचा, तो भोळ्या चेहऱ्यानं म्हणाला, पेव म्हणजे काय हो मॅडम. सांगलीत जन्मलेला माणूस. वाईच्या बाईला विचारतो, पेव म्हणजे काय. मी पदर तोंडात कोंबून आत पळाले, नाहीतर तिथंच फुटले असते.

आता सगळ्यांना पेवं आहेत हे माहीत, पण नेमकी कुठं, ते फक्त सासऱ्यांना. नवऱ्याला वाटलं होतं, म्हातारा ऐकायचा नाही, कारण सासरे फार सरळ माणूस. पण पेवं झाकायची म्हटल्यावर ते असे तयार झाले की आम्हीच चाट पडलो. यंत्र यायच्या दिवशी सकाळी ते काठी घेऊन आवारात फिरले आणि एकेकाला जागा दाखवत गेले. खाली काय आहे ते सांगितलं नाही. नुसतं काठी टेकवून म्हणायचे, हितं बस.

मग काय, जत्राच भरली. एका पेवावर बाजल्यावर शेजारणीचा भाऊ आजारी पडला. घोंगडं पांघरून, भर उन्हात, घामानं निथळत कण्हत होता बिचारा. एकावर पत्त्यांचा डाव बसला. एकावर शेळी बांधली, तिच्यापुढं एवढा पाला टाकला की ती दिवसभर हलू नये. माझ्या वाट्याला आलेल्या पेवावर मी चटई टाकून कुरडया वाळत घातल्या आणि वर स्वतः बसले. फौजी मधूनच फेरी मारून "पोझिशन सोडू नका" म्हणून दबक्या आवाजात सांगत होता. यंत्रवाले आले. बाजलं हलवा म्हणाले, तर पेशंट जोरात कण्हला. कुरडया उचला म्हणाले, तर मी म्हटलं, ओल्या आहेत, तुमची आई उचलेल का अशा? मॅडम सगळं बघत होत्या. शेवटी वैतागून यंत्रवाल्यांनी यंत्र गोदामाच्या मागं नेलं, जिथं कुणीच बसलं नव्हतं, कारण सासऱ्यांनी तिथं कुणाला बसवलंच नव्हतं.

तिथं यंत्राची सळई घरघरत खाली जायला लागली आणि थोडी गेल्यावर एकदम सटकली. विहिरीत पोहरा सुटावा तशी. यंत्रावरचा माणूस दचकून मागं सरला. आवारात पत्त्यांचा डाव उठला. पेशंटसुद्धा उठून बसला.

मॅडमनी दुसऱ्या दिवशी आम्हाला सगळ्यांना बोलावलं. त्यांचा चेहरा उतरला होता आणि मला तो बघवेना. त्या म्हणाल्या की जमीन पोकळ निघाली याचं त्यांना काही वाटत नाही, हळदीचं आवार म्हटल्यावर पेवं असणारच, हे त्या पहिल्या दिवसापासून धरून चालल्या होत्या. म्हणून तर विचारायला आल्या होत्या.

"पेव कुठं आहे ते कळलं, तर मी त्याला चुकवून खांब उभा करते. उलट त्याचा उपयोगसुद्धा करून घेते," त्या म्हणाल्या. "पण कुठं आहे तेच माहीत नसेल, तर मी काय चुकवू? आता वरून हुकूम आला आहे. आठवड्यात मला सगळी पेवं दाखवता आली नाहीत, तर ही जागा सोडायची."

म्हणजे आम्ही ज्या फांदीवर बसलो होतो तीच कापत होतो, आणि वर पहारेही देत होतो. माझ्या डोक्यात तिडीक उठली. मी तिथंच उभी राहिले आणि सगळ्यांचा उद्धार केला. नवऱ्याचा पहिला. म्हटलं, शत्रूपासून लपवायचं ते सोडून तुम्ही आपल्याच माणसाविरुद्ध खंदक खणलात, आणि म्हणे पोझिशन. पेशंटचं सांगितलं, शेळीचं सांगितलं, माझ्या कुरडयांचंही सांगितलं. मॅडम आधी अवाक् झाल्या, मग त्यांच्या ओठाचा कोपरा हलायला लागला. म्हणाल्या, तो आजारी माणूस बरा आहे ना आता? त्यावर सगळी बैठक हसली आणि माझा राग जरा खाली आला.

मग आम्ही सगळ्यांनी आपापल्या बसल्या जागा दाखवल्या. मॅडमनी तिथं चुना मारून घेतला. पण गोदामामागचं पेव त्यात नव्हतं, म्हणजे आणखीही असणार, आणि ती जाणणारा माणूस एकच. सगळ्यांनी सासऱ्यांकडं पाहिलं. ते उठले, काठी उचलली आणि घरी निघून गेले.

मी मागोमाग गेले. माझा आवाज चढलेलाच होता. म्हटलं, मामा, आवं जागा हातची चाललीय आणि तुम्ही असे काय करताय. ते बाजेवर बसून राहिले. काठी मांडीवर आडवी ठेवली.

"भंडारा उचललाय पोरी. मालकाम्होरं. पेवाची तोंडं परक्याला दावणार न्हाई म्हून."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पेवात लाखमोलाची हळद असायची आणि तोंड कुठं ते कळलं की चोरी व्हायला वेळ लागायचा नाही. म्हणून हमालांकडून देवापुढं बेलभंडारा उचलून शपथ घेतलेली. आम्हाला वाटलं, सासरे आमच्या लबाडीत सामील झाले. ते कुठले सामील होतात. परका माणूस पेवं शोधत आलाय आणि आपली माणसं ती झाकतायत, म्हणजे त्यांची शपथच पाळली जात होती. माणसं कमी पडली म्हणून मागची पेवं उघडी राहिली, एवढंच त्यांना वाईट वाटत होतं.

मी खूप वाद घातला. मालक गेले, आवार गेलं, हळद कुजून माती झाली. नवऱ्यानंही घातला. पण भंडाऱ्यापुढं कुणाचं चालतं? आमच्याकडं माणूस एकवेळ कोर्टात खोटं बोलेल, पण भंडारा उचलून फिरणार नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही आतून तेच पटत होतं. त्यामुळंच जास्त चिडचिड होत होती. एवढी भाकरीची खोली, एवढं उंचावरचं घर, आणि मधे चिमूटभर हळद.

शेवटी मीच विचारलं, शपथ सोडवता येत नाही का. ते म्हणाले, येती की. ज्यानं घेतली त्यानंच सोडवायची. मालक नसले तर त्यांच्या रक्ताच्या माणसानं. हे आधी नाही का सांगायचं, मी म्हटलं, तर म्हणाले, तू इचारलंसच कुठं, नुसती भांडत होतीस.

मालकांना एकच मुलगी, लग्न होऊन साताऱ्याला गेलेली आणि शाळेत शिकवून निवृत्त झालेली. नवऱ्यानं कुणाकुणाला फोन करून तिचा पत्ता मिळवला, आणि या कामात मात्र तो खराच फौजी निघाला. मॅडमनी मला हळूच बाजूला घेऊन विचारलं, जमेल ना वहिनी? मी म्हटलं, जमवते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं आम्ही तिघं साताऱ्याला निघालो. सासऱ्यांनी धुवट धोतर नेसलं होतं आणि अख्ख्या वाटेत चहासुद्धा घेतला नाही. कराडला मी वडापाव आणला, तो नवऱ्यानं एकट्यानं खाल्ला.

बाईंचं घर किल्ल्याच्या अंगाला, चढावर. त्यांनी दार उघडलं आणि सासऱ्यांना ओळखलंच नाही. मग सासऱ्यांनी नाव सांगितलं, आवाराचं सांगितलं, तसं त्यांनी हाताला धरून आत नेलं. मीच सगळं भडाभडा बोलून टाकलं, कारण सासऱ्यांना बोलवत नव्हतं. शेळीपर्यंत आले तेव्हा त्या मनापासून हसल्या. भंडाऱ्यापर्यंत आले तेव्हा गंभीर झाल्या. म्हणाल्या, अहो पण वडील गेले, आवारही आमचं राहिलं नाही. आता कसली शपथ?

"आवार तुमचं न्हाई ऱ्हायलं, ताईसाब," सासरे म्हणाले. "शपथ माझी हाय."

बाई उठून देवघरात गेल्या आणि भंडाऱ्याची डबी घेऊन आल्या. मला हे असलं काही येत नाही, म्हणाल्या, चुकलं तर समजून घ्या. त्यांनी चिमूट घेतली, सासऱ्यांच्या कपाळाला लावली आणि शाळेत धडा वाचावा तशा स्वच्छ आवाजात म्हणाल्या, माझ्या वडिलांनी तुमच्याकडून जे वचन घेतलं ते तुम्ही पुरं केलंत, आज मी तुम्हाला त्यातून मोकळं करते. सासऱ्यांनी हात जोडले. मी रडले. मला राग येतो तसं रडूही पटकन येतं, त्याला इलाज नाही.

आम्ही निघणार, तर बाई म्हणाल्या, थांबा, मलाही यायचंय. लहानपणी त्यांना आवारात खेळायला बंदी होती. मुलगी पेवात पडेल म्हणून वडील जवळसुद्धा फिरकू द्यायचे नाहीत. ज्या पेवांवर त्यांचं शिक्षण झालं, लग्न झालं, त्यातलं एकही पेव त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पिशवीत दोन साड्या कोंबून त्या आमच्याबरोबर एस.टी.त चढल्या. आल्या त्या आमच्या पत्र्याच्या घरात राहिल्या आणि माझ्या हातच्या भाकरीला नाव ठेवलं नाही, यातच सगळं आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवारात ओळीतलं एकही माणूस यायचं राहिलं नव्हतं. सासऱ्यांनी चपला काढल्या. जमिनीवर टाच आपटत, थांबत, पुन्हा आपटत ते चालायला लागले. मागं मॅडम, त्यांच्या मागं चुन्याची पाटी घेऊन फौजी. म्हातारा थांबला की मॅडम खूण करायच्या आणि लोक ओरडायचे. मी पण ओरडले. जणू कुस्तीच्या फडात पैलवान चितपट करत चाललाय. दोन ठिकाणी सासरे अडखळले, मागं आले, डोकं खाजवलं. एक जागा तर साफ चुकली, खणलं तर नुसती माती. ते ओशाळले. मॅडम म्हणाल्या, चालायचंच आजोबा, माझंही यंत्र चुकतं. पण बाकीची सापडली. शेवटचं दाखवून झाल्यावर ते खाली बसले आणि म्हणाले, झालं, आता माझ्यापाशी काय न्हाई.

मग एक पेव उघडायचं ठरलं. तोंडावरची माती काढली, फरशी सरकवली आणि सासऱ्यांनी सगळ्यांना मागं ढकललं. बंद पेवात हवा विषारी होते. आत गेलेला माणूस श्वासासरशी कोसळतो. त्यांनी दोरीला कंदील बांधून खाली सोडला. जरा खाली जातो न जातो तोच विझला. मॅडमनी हवा तपासायचं आपलं छोटं यंत्र सोडलं, ते केकाटायला लागलं. सासरे त्या यंत्राकडं कौतुकानं बघून म्हणाले, ह्येला बी कळतंय की. म्हणून पेव तसंच उघडं ठेवलं. दुसऱ्या दिवशी कंदील तळाला जाऊन जळत राहिला आणि यंत्रही गप्प राहिलं, तेव्हा मॅडम कमरेला पट्टा लावून स्वतः उतरल्या. दोर धरायला फौजी, दोन्ही पाय रोवून. मला तर बघवत नव्हतं. वाईच्या आईबापांनी काय म्हणून वाढवली असेल पोर.

आतून त्यांचा आवाज घुमत आला. भिंती अजून टणक आहेत म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, वास येतोय. त्यांनी बादलीतून तळाची ढेकळं वर पाठवली. काळी पडलेली माती, पण फोडली की आतून पिवळी. साताऱ्याच्या बाईंनी ती हातात घेऊन नाकाशी नेली आणि पदराच्या गाठीत बांधली. मी विचारलं नाही काही. कधी कधी मलाही गप्प बसता येतं.

सगळी पेवं समजल्यावर मॅडमनी आपला नकाशा फाडला आणि नवा काढला. बरीचशी पेवं आवाराच्या मधोमध होती, तर त्यांनी मधे मोकळा चौक ठेवला आणि घरं कडेनं नेली, भक्कम जमिनीवर. गोदामामागची पेवं गोदामाच्याच राडारोड्यानं ठासून भरली. चौकातल्या काहींना आतून विटांचं अस्तर देऊन पावसाच्या पाण्याच्या टाक्या केल्या, वर घट्ट झाकणं. वरिष्ठ साहेब येऊन बघून गेले, यंत्र पुन्हा फिरलं आणि या खेपेला कुणी आजारी पडलं नाही. जागा मंजूर झाली. त्या दिवशी आमच्या ओळीत कुणाच्या घरी काय शिजलं याचा हिशोब नाही. सगळ्यांनी सगळ्यांच्या घरी खाल्लं.

बांधकाम चाललं तेव्हा मी रोज भाकऱ्या आटोपून तिथं जायचे. पायाची माती चाळून, त्यात मुरूम आणि थोडं सिमेंट मिसळून विटा दाबायचं काम ओळीतल्या बायकांनाच मिळालं. पहिली वीट यंत्रातून निघाली ती मी मांडीवर घेऊन बसले, तशी शेजारीण म्हणाली, अगं पाळण्यात घाल तिला. चुलीवरून तिच्याशी पुन्हा भांडण झालंच. मधे पैसे अडले, पाऊस आडवा आला, गवंडी पळाले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. मॅडमची बदली होतेय अशी आवई उठली तेव्हा आम्ही बाया पालिकेच्या दारात जाऊन बसलो. आवई खोटी निघाली, पण बसलो ते बरं झालं, साहेबांना आमची तोंडं पाठ झाली.

घर मिळालं. दुसऱ्या मजल्यावर. भिंतींना मातीचा रंग आणि उन्हाळ्यात आत येताच अंग निवतं. भाकरीच्या खोलीत आमच्या चुली एका रांगेत, माझी खिडकीशी आणि शेजारणीची तिच्या शेजारी, कारण शेवटी दोघींनाही एकमेकींशिवाय करमत नाही.

आणि मग तो पावसाळा आला. धरणाचं पाणी सोडल्याचं भोंग्यावरून सांगत फिरले आणि नदीकाठची जुनी जागा बघता बघता गडप झाली. पाणी रस्त्यावर आलं, चौकात आलं, खांबांना लागलं. पालिकेची माणसं होडीतून बघून गेली, खांबांवरची खूण तपासली आणि म्हणाली, राहा बिनधास्त. माझा जीव तरीही थाऱ्यावर नव्हता. लग्न झाल्यापासून पाणी आलं की बोचकं बांधायचं, एवढंच या हातांना माहीत. मी दोनदा बोचकं बांधलं आणि दोनदा सोडलं. मग म्हटलं, गावात माणसं उपाशी आहेत, आपण काय करतोय, आणि आम्ही बाया चुली पेटवून बसलो. होडीवाले दर खेपेला भाकऱ्यांच्या पाट्या भरून नेत होते.

सासरे खिडकीशी उभे होते. सकाळपासून तिथून हलले नव्हते. खाली पाणी गढूळ, फिरत, सगळ्या आवारावर पसरलेलं, आणि त्यावर आमच्या चुलींचा धूर. त्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं.

"पोरी, पानी आलं गं."

"येऊ दे, मामा," मी म्हटलं आणि तव्यावरची भाकरी उलटली.